धागा: दर आठवड्याची टीम-बैठक, पण माणसं बोलती कशी करायची?

वाळू_साचा

नमस्कार मंडळी. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कास्टिंगच्या कारखान्यात, म्हणजे फाउंड्रीत, मी शॉप (कामाचा विभाग) सांभाळतो. मोल्डिंग (साचे करणं), कोअर (साच्याच्या आतला गाभा), भट्टी, फेटलिंग (ओतलेला माल घासून साफ करणं) सगळं मिळून साठ-सत्तर माणसं. निम्मी आपल्या भागातली, म्हणजे येळ्ळूर, मच्छे, पिरनवाडी, खानापूरकडची. बाकीची बिहार-ओडिशातून आलेली, ठेकेदाराकडची. मालकांनी यंदा ठरवलंय की दर शनिवारी पाळी सुटायच्या आधी मी सगळ्यांना घेऊन बसायचं आणि रोजच्या कामातल्या अडचणी ऐकायच्या. उत्पादन, टार्गेट, रिजेक्शन हे विषय तिथं काढायचे नाहीत. पाणी, पंखे, हातमोजे, उजेड, संडास, जेवायची जागा, पाळीच्या वेळा एवढंच.

मला ही कल्पना मनापासून पटलीय. पण माणसं तोंड उघडत नाहीत. "काय अडचण?" विचारलं की "काय न्हाई साहेब, सगळं बरं हाय." कन्नड बोलणारे म्हणतात, "एन इल्ला सर." पोरं बिहारची असली तर नुसती हसतात. आणि तीच माणसं गेटबाहेरच्या चहाच्या गाड्यावर तासभर बोलत उभी असतात!

ज्यांनी अशा बैठका घेतल्यात किंवा ज्यांना अशा बैठकांत बसावं लागलंय, त्यांनी अनुभव सांगा. टेबलाच्या दोन्ही बाजूंचे हवेत.

टिळकवाडीची_मैना

मग बैठक चहाच्या गाड्यावरच घ्या की! :)

वाळू_साचा

मैना, हसू नका, हे मी खरंच मालकांना विचारलं होतं. म्हणाले, साठ जणांचा चहा दर शनिवारी चालेल, पण गाडा गेटच्या आत येणार नाही.

जुना_फिटर

तुमचा प्रश्न नवा नाही. मी एका मोठ्या कारखान्यात मशीन शॉपला होतो, आता निवृत्त. ऐंशीच्या दशकात आमच्याकडे 'क्वालिटी सर्कल' आलं. कामगारांनी एकत्र बसून कामातल्या अडचणी सोडवायची ही पद्धत मूळची जपानची, 1962 मध्ये काओरू इशिकावांच्या पुढाकाराने सुरू झाली. आपल्या देशात पहिलं सर्कल 1980 मध्ये हैदराबादच्या भेल कारखान्यात निघालं, आणि 1982 मध्ये क्वालिटी सर्कल फोरम ऑफ इंडिया ही संस्था उभी राहिली. तिथून ते वारं आपल्याकडे आलं.

त्यातली एक गोष्ट तुमच्या कामाची आहे. सर्कल म्हणजे सगळा कारखाना नव्हे. एकाच प्रकारचं काम करणारी सहा ते दहा माणसं, बस. साठ माणसं एका जागी उभी केलीत तर ती सभा झाली, आणि सभेत आपला माणूस बोलत नाही, ऐकतो. फेटलिंगवाल्याला मोल्डिंगवाल्यापुढे स्वतःचं दुखणं सांगायला लाज वाटते. तुम्ही खात्याखात्याने बसा.

दुसरं, आमचे जे साहेब केबिनमध्ये बोलवायचे त्यांच्याकडे कोणी काही बोललं नाही. एक साहेब मात्र लेथपाशी स्टूल टाकून बसायचे. त्यांना आम्ही कूलंटच्या वासापासून सगळं सांगितलं, कारण तो वास त्यांच्याही नाकात जात होता.

लाल_बावटा

मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

अशा बैठका मी बऱ्याच पाहिल्या. पंखा मिळतो, पाण्याचा कूलर मिळतो, फोटो निघतो. पगाराचा विषय काढला की "तो इथला विषय नाही." ठेकेदारीचा काढला की "तो इथला विषय नाही." ओव्हरटाइमला दुप्पट दर द्यावा हे 1948 च्या फॅक्टरी कायद्यापासूनच आहे, कुठल्या बैठकीत मागायची गोष्ट नाही ती. माझा आक्षेप असा की जिथं युनियन नाही तिथं ही बैठक युनियनची जागा घेते आणि जिथं आहे तिथं तिला बाजूला सारते. मॅनेजर विषय ठरवणार, मॅनेजर वेळ ठरवणार, मॅनेजरच मिनिट्स लिहिणार. मग कामगार "सगळं बरं हाय" म्हणतो यात नवल काय? त्याला कळतं, कुठं बोलायचं आणि कुठं गप्प बसायचं.

वाळू_साचा

@लाल_बावटा, राग अजिबात नाही. पगार माझ्या हातात नाही. पण फेटलिंगच्या माणसाला धुळीत उभं राहावं लागतं ते थांबवणं माझ्या हातात आहे, आणि पगाराचा निकाल लागेपर्यंत त्याने धूळ खात राहावं हे मला मान्य नाही. दोन्ही लढाया चालू राहू देत की.

संहिता_वाचणारा

कायद्याची थोडी भर घालतो, कारण लाल_बावटांचा मुद्दा तिथंच जातो.

1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम 3 होतं. 100 किंवा जास्त कामगार असतील तर सरकार 'वर्क्स कमिटी' (मालक-कामगारांची संयुक्त समिती) नेमायला सांगू शकायचं, आणि तिच्यात कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असता कामा नयेत असं त्यात होतं. त्या कायद्याच्या जागी आलेल्या 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही हा 100 चा आकडा कायम आहे. शिवाय 20 किंवा जास्त कामगार असतील तिथं तक्रार निवारण समिती हवी, दोन्ही बाजूंचे सदस्य समसमान. साठ-सत्तर माणसांच्या कारखान्याला ही दुसरी समिती लागते. तेव्हा @वाळू_साचा, तुमची शनिवारची बैठक आणि ही समिती एकच समजू नका. एकात अडचण सुटते, दुसऱ्यात तक्रारीची नोंद होते आणि कामगाराचा हक्क राहतो. दोन्ही असू द्या.

आणि ठेकेदाराच्या पोरांना पाणी, संडास, प्रथमोपचार ठेकेदार देत नसेल तर ते मुख्य मालकाने द्यायचं, हे 1970 च्या ठेका कामगार कायद्यापासून आहे. "ती आमची माणसं नाहीत" हे उत्तर चालत नाही.

मच्छेची_सून

मी मच्छेला एका असेंब्लीच्या युनिटमध्ये आहे, आमच्या लाइनवर बहुतेक बायकाच. आमच्याकडे मीटिंग सुरू झाली तेव्हा आम्हीपण दोन-तीन महिने गप्प होतो. कारण सांगू का? आमची खरी अडचण संडासाची होती. कडी मोडलेली, पाणी दुपारनंतर संपायचं, आणि पॅड टाकायला डबा नाही. हे सुपरवायझर, मेंटेनन्सवाला, स्टोअरवाला असे चार पुरुष समोर बसले असताना कोण बोलणार? सासरचं माणूस त्याच कंपनीत असलं तर आणखीच अवघड.

मग नवीन क्वालिटीवाल्या मॅडम आल्या. त्या जेवणाच्या सुट्टीत आमच्यात डबा घेऊन बसायला लागल्या. वही नाही, पेन नाही. आठवडाभरात त्यांना सगळं कळलं. त्यांनी आमची नावं न सांगता वरती मांडलं. कडी दुसऱ्या दिवशी लागली! एवढ्याशा कडीसाठी आम्ही दिवसभर पाणी पीत नव्हतो, हे त्या साहेबांना ऐकून धक्काच बसला म्हणे.

आता आमच्याकडे बायकांची बैठक वेगळी होते, आणि मोठ्या बैठकीत आमच्यातली एक जण सगळ्यांच्या वतीने बोलते. दर महिन्याला ती बदलते.

सिस्टर_काकू

@मच्छेची_सून, अगदी खरं. बायका कामावर पाणी पीत नाहीत आणि मग मूतखडा, लघवीची जळजळ घेऊन आमच्याकडे इस्पितळात येतात. किती जणींना विचारलंय मी, "कामावर पाणी पिता का?" उत्तर ठरलेलं असतं.

निपाणीकर

सगळं वाचतोय. पण मला एक विचारायचंय. माझी आई विड्या वळायची. पानं आणि तंबाखू ठेकेदाराकडून घरी आणायची, वळून परत द्यायची. त्यात छाट निघायची, म्हणजे वाईट म्हणून बाजूला काढलेल्या विड्या, त्यांचे पैसे नाहीत. तिला मॅनेजर नव्हता, शॉप नव्हतं, शनिवार नव्हता. निपाणी, चिकोडी पट्ट्यात अशा बायका आजही आहेत. त्यांची बैठक कोण घेणार? तुमच्या चर्चेत कारखान्याच्या भिंतीआतला माणूस आहे, तिच्या बाहेरचा नाही.

लाल_बावटा

निपाणीकर, त्यांच्या बैठका झाल्यात. मॅनेजरने नाही घेतल्या, बायकांनी स्वतः घेतल्या, आणि त्यातूनच निपाणीतल्या विडी कामगार बायकांची संघटना उभी राहिली. 1966 च्या विडी आणि सिगार कामगारांच्या कायद्याने घरी काम करणारीलाही कामगारच मानलं. म्हणून मी म्हणतो, बैठक कोण बोलावतो याला फार महत्त्व आहे.

निपाणीकर

हे मान्य. आईच्या तोंडून त्या काळच्या गोष्टी ऐकल्यात. बायका पोरं काखेत घेऊन यायच्या, आणि एकदा बोलायला लागल्या की कुणाच्या बापाला ऐकत नसत.

पुण्यातला_बेळगावकर

मी आयटीत आहे, पुण्यात. आमच्याकडे दर दोन आठवड्यांनी 'रेट्रो' असतो. काय चांगलं झालं, काय बिघडलं, पुढं काय बदलायचं. चिठ्ठ्या लावतात, नाव लिहायची गरज नाही. फाउंड्रीतही चिठ्ठ्यांची पेटी ठेवून बघा की.

जुना_फिटर

पेटी आमच्याकडे होती. तिच्यात पानाची पिचकारी निघायची आणि एखादी चिठ्ठी निघालीच तर ती कोणाच्या अक्षरातली हे सगळं शॉप ओळखायचं.

गूळ_आणि_ऊस

मी साखर कारखान्यात कार्मिक विभागात आहे. चिठ्ठीबद्दल आणखी एक. आमच्याकडे तीन भाषा आणि हंगामात चौथी. मराठी, कन्नड, हिंदी, आणि बीडकडून येणाऱ्या तोडणीवाल्यांची वेगळ्या धाटणीची मराठी. लिहिणाऱ्याला लिहिता आलं पाहिजे आणि वाचणाऱ्याला वाचता. कायद्यानेही हे जुन्या काळीच ओळखलंय: 1948 च्या फॅक्टरी कायद्याचं कलम 18 सांगायचं की पिण्याच्या पाण्याच्या ठिकाणी 'पिण्याचं पाणी' ही अक्षरं बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत असावीत, आणि ती जागा संडास-मोरीपासून 6 मीटरच्या आत नसावी. आमच्या बॉयलरकडच्या टाकीवर फक्त इंग्रजी पाटी होती. बैठकीत एका फायरमनने ती दाखवली. आता तिन्ही भाषांत आहे.

@वाळू_साचा, तुम्ही बैठकीत कोणती भाषा बोलता? मराठीत बोलत असाल तर तुमची बिहारची पोरं हसणारच. त्यांच्यातला एक जण दुभाष्या करा, पण तो ठेकेदाराचा मुकादम नको. मुकादम समोर असेपर्यंत ती पोरं एक शब्द बोलणार नाहीत.

वाळू_साचा

मुकादम आमच्याकडे बैठकीत पहिल्या रांगेत बसतो. याचा मी विचारच वेगळा केला होता, की तो असला तर पोरांना धीर येईल. धन्यवाद, हे मोलाचं सांगितलंत.

भातवाला_बेळगुंदी

आमी कामगार आनी शेतकरी, दोन्ही. पयलं काय व्हायचं, भाताची सुगी आली की निम्मं खातं रिकामं. कोन सांगून जायचं न्हाई, कारन सांगितलं तर रजा मिळायची न्हाई. दिवाळीनंतर साहेब डोकं धरून बसायचे. मग एका बैठकीत एक म्हातारा उठला आनी म्हनला, "सुगी दरवर्सी येत्या साहेब, पाहुन्यासारखी अचानक येत न्हाई. आमी आदीच पाळ्या लावून देतो." बसून यादी केली. कुनाचं भात आदी येतंय, कुनाचं मागनं, कुनाकडं शेतच न्हाई. ज्याला शेत न्हाई त्यानं आमच्या पाळ्या केल्या, आमी त्याला गनपतीत सोडलं. तवापासून साहेबबी खूस, आमीबी खूस. पेरनीलाबी तसंच करतो. धूळवाफेला दोन दिवस मिळाले तरी पुरं.

टिळकवाडीची_मैना

भातवाले, बासमती कितीला देणार? :)

भातवाला_बेळगुंदी

येवा घरी, जेवूनच जावा. भाव नंतर बोलू.

तिसरं_गेट

सुगीवरून आठवलं, पावसाळ्यात आणि गेट पडल्यावर लेट मार्क लागायचा त्याचंही कुणीतरी बोला. उड्डाणपूल व्हायच्या आधी तिसऱ्या रेल्वे गेटवर अडकलेल्या माणसाचा दहा मिनिटांचा पगार कापणं हा निव्वळ अन्याय होता. आमच्याकडे बैठकीत तो विषय निघाला आणि साहेबांनी हजेरीला पंधरा मिनिटांची सवलत दिली. त्यासाठी कुणाला एक रुपयाही खर्च आला नाही.

छोटा_मालक

मी मालकाच्या बाजूचा. जॉबवर्कचा छोटा शॉप आहे, सीएनसी आणि काही जुन्या लेथ. बड्या कंपन्यांचे दर आमच्या हातात नसतात, पेमेंट तीन महिन्यांनी येतं, त्यामुळे "बैठकीत मागण्या वाढतील" ही भीती मालकाला असते, ती खोटी नाही. तरी मी सांगतो, मागण्या वाढल्या नाहीत. माझ्या लोकांनी मागितलं ते असं: लेथपुढे उभं राहायला लाकडी फळी, कारण फरशीवर दिवसभर उभं राहून टाचा दुखतात, मोजमाप करायच्या टेबलावर चांगला दिवा, आणि हेस्कॉमची लाइट गेली की जनरेटर सुरू होईपर्यंत अंधारात मशीनजवळ थांबावं लागू नये.

मी काय केलं, तर शॉपच्या सुपरवायझरकडे महिन्याची ठराविक रक्कम दिली. तेवढ्यात बसणारी गोष्ट त्याने मला न विचारता आणायची. त्याआधी प्रत्येक गोष्ट "मालकांना विचारून सांगतो" होती. ज्याच्या हातात काही नाही त्याच्यापुढे कोण बोलणार? @वाळू_साचा, तुमच्या मालकांकडून आधी हे मिळवा.

वाळू_साचा

छोटा_मालक, हे सोमवारी मागतो. तुमचा प्रतिसाद त्यांना दाखवला तर चालेल ना?

छोटा_मालक

जरूर दाखवा.

भट्टीवाला

धागा लांबला, पण मूळ प्रश्न फाउंड्रीचा आहे आणि मी इंडक्शन फर्नेसवर (विजेच्या भट्टीवर) आहे, म्हणून बोलतो. बैठक ही नुसती सोयीची गोष्ट नाही. आमच्याकडे ती जिवाची गोष्ट आहे.

वितळलेल्या लोखंडात पाणी गेलं तर त्याची क्षणात वाफ होते आणि धातू उडतो. हे भट्टीवरच्या प्रत्येकाला माहीत असतं. पण बेळगावचा पाऊस कसा असतो ते तुम्हाला माहीत आहे. जुलैमध्ये आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, पत्रे गळतात, आणि भंगार अंगणात पडलेलं असतं. ओलं भंगार भट्टीत गेलं तर तोच प्रकार. डब्यात, पाइपात, पोकळ तुकड्यात पाणी साठलेलं असतं, वरून दिसत नाही. लाडल, म्हणजे वितळलेला धातू ओतायचं भांडं, नीट तापवून कोरडी केली नाही तरी तेच.

आमच्याकडे हे पहिल्यांदा बोलला तो चार्जिंगवरचा, म्हणजे भट्टीत भंगार भरणारा पोरगा, ओडिशाचा. बैठकीत नाही बोलला, भट्टीपाशी उभा असताना बोलला, तेसुद्धा विचारल्यावर. म्हणाला, "बारिश में डर लगता है." आमचे साहेब चांगले. ते वर गेले नाहीत, तिथंच थांबले आणि विचारलं, कशाची भीती, कुठून गळतं, दाखव. दुसऱ्या आठवड्यात भंगारावर शेड झाली, भट्टीवरचे पत्रे बदलले, आणि पावसाळ्यात चार्ज एक दिवस आधी आत आणून ठेवायचा नियम लागला. तोपर्यंत आम्ही इतकी वर्षं काम करणारी माणसं "पाऊस हाय, संभाळून" एवढंच एकमेकांना म्हणत होतो.

@वाळू_साचा, "काय अडचण?" असं विचारू नका. "कशाची भीती वाटते?" असं विचारा. आणि जागेवर उभं राहून विचारा.

सिस्टर_काकू

भट्टीवाला यांच्या प्रश्नाला मी आणखी एक जोडते: "घरी गेल्यावर काय दुखतं?"

फेटलिंगच्या धुळीत सिलिका असते. बारीक कण फुप्फुसात बसतात आणि त्यातून सिलिकोसिस होतो, तो बरा होत नाही. फॅक्टरी कायद्याच्या काळापासून तो कळवणं बंधनकारक असलेला रोग आहे. तोंडाला रुमाल बांधून तो थांबत नाही, बारीक धूळ रुमालातून आत जाते. धूळ जिथं उडते तिथंच ओढून घेणारी यंत्रणा लागते, आणि चांगला मास्क. कपड्यांवरची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने झटकायची सवय तर ताबडतोब बंद करा, ती धूळ शेजारच्याच्या छातीत जाते. आमच्या वॉर्डात चाळिशीची माणसं जिना चढताना थांबतात तेव्हा मला फार वाईट वाटतं. पंख्याबद्दल बोलताना हेही बघा की तो धूळ कुणाच्या तोंडावर फेकतोय.

जुना_फिटर

@सिस्टर_काकू, पंख्याचं अगदी बरोबर. आमच्याकडे फेटलिंगच्या एका टोकाला मोठा पंखा लावला, तिथला माणूस खूश आणि दुसऱ्या टोकाचे चौघे खोकत. सगळ्यांना विचारल्याशिवाय लावलेल्या पंख्याचं हे असं होतं.

पुण्यातला_बेळगावकर

माझी चिठ्ठ्यांची पेटी मागे घेतो. पण रेट्रोतली एक गोष्ट तुमच्याकडेही चालेल असं वाटतं. बैठक सुरू करताना आधी मागच्या वेळचं वाचतात. कोण काय बोललं, त्याचं काय झालं. झालं असेल तर झालं, नसेल तर का नाही ते सांगायचं, आणि होणार नसेल तर "हे होणार नाही" असं तोंडावर सांगायचं. आमच्याकडे हे होत नव्हतं तेव्हा आम्हीही गप्पच असायचो.

मच्छेची_सून

हो! आमच्या मॅडमनी भिंतीवर फळा लावलाय. डाव्या बाजूला अडचण, उजव्या बाजूला तारीख. नाव कुणाचं नाही. काम झालं की आमच्यातलीच कोणीतरी उठून ती ओळ पुसते. आम्हाला ती ओळ पुसायला फार आवडतं.

लाल_बावटा

मी माझा आक्षेप सोडलेला नाही. पण भट्टीवाल्यांचं आणि सिस्टरांचं वाचून एवढं म्हणतो की शेडसाठी आणि धुळीसाठी कुठल्याही कराराची वाट बघू नये. वाळू_साचा, तुम्ही बैठक घ्या. फक्त फळ्यावर पगाराची ओळ कुणी लिहिली तर ती पुसू नका. उत्तर तुमच्याकडे नसेल तर वरती न्या आणि आलेलं उत्तर, कसंही असलं तरी, येऊन सांगा.

वाळू_साचा

लाल_बावटा, कबूल. पुसणार नाही.

सगळ्यांचं वाचून ठरवलंय ते असं. साठ जणांची सभा बंद. खात्याखात्याने बसणार, त्यांच्याच जागेवर, आणि पहिलं फेटलिंग. मुकादमाला त्या वेळी गेटपासचं काम देतो. ओडिशाच्या पोरांत एक जण हिंदी चांगलं बोलतो, त्याला विचारलंय, तयार आहे. महिन्याच्या रकमेचं मालकांशी सोमवारी बोलतो. फेटलिंगला धूळ ओढणारी यंत्रणा ही मोठी गोष्ट आहे, तिचा खर्च काढून वेगळं मांडतो. मास्क उद्याच मागवतो. आणि भट्टीवरचे पत्रे आज संध्याकाळी स्वतः वर चढून बघितले, तीन ठिकाणी उजेड दिसतो. ते पाऊस लागायच्या आत बदलणार, त्याला बैठकीची गरज नाही.

एकच राहिलं. रात्रपाळीवाल्यांची बैठक कधी ठेवू? सकाळी सुटताना?

सिस्टर_काकू

सकाळी अजिबात नको. रात्रभर जागलेला माणूस त्या वेळी उभ्या उभ्या झोपतो, तो "बरं हाय"च म्हणणार. आमच्याकडे पाळी बदलताना दहा मिनिटं असतात, येणारे आणि जाणारे दोघे समोरासमोर. तुम्ही रात्रपाळी सुरू होताना जा.

भातवाला_बेळगुंदी

आनी साहेब, रात्री जाताना चहाचा थर्मास घेऊन जावा. त्या येळेला बाहेरचा गाडा बंद असतोय.

वाळू_साचा

मंगळवारी रात्री दहाला जातो. थर्मास घेऊन. काय झालं ते इथंच लिहितो.